साखर काढली, पण तिच्या जागी काय भरलं?

अमेरिकेतून भारतात निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत तीन गोष्टी हमखास सापडतात: बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि शुगर-फ्री चॉकलेटं. बदाम सगळ्यांसाठी, व्हिटॅमिन आईबाबांसाठी आणि शुगर-फ्री चॉकलेटं खास काकांसाठी, कारण काकांना डायबेटीस. भावना अगदी चांगली. पण घरी पोचल्यावर ती पिशवी एकट्या काकांची राहत नाही. "साखर नाहीये हो त्यात, कुणालाही चालेल" असं म्हणत ती सगळ्यांसमोर फिरते. त्या सगळ्यांत एखादी मावशी असते जिचं पोट गेली दहा वर्षं ठिकाणावर नाही, एखादा चुलतभाऊ असतो जो कोलायटिसच्या गोळ्यांवर आहे.

माझा आक्षेप आहे तो त्या "कुणालाही चालेल"ला.

आधीच सांगून टाकतो, मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. पण २०१२ सालापासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. तो बरा होत नाही, गोळ्यांनी शांत राहतो आणि मधूनच उठतो. असा पाहुणा घरात कायमचा राहायला आला की माणूस आपोआप पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला शिकतो. त्या वाचनातून तयार झालेलं हे माझं मत. औषधाचा सल्ला म्हणून घेऊ नका. वाचून पटलं तर आपल्या डॉक्टरला विचारा.

तर मुद्दा असा. साखरेला पर्याय शोधताना बहुतेक लोक विचारतात, "यात साखर आहे का?" ज्याचं आतडं कायमचं नाजूक आहे त्याने विचारायला हवं, "साखर काढली, मग तिच्या जागी काय भरलं?"

साखर पदार्थात दोन कामं करते. एक गोडी आणणं आणि दुसरं जागा भरणं. चहात आपल्याला फक्त गोडी हवी असते. चमचाभर साखर म्हणजे चारेक ग्रॅम. तेवढी गोडी सुक्रालोजचे सात-आठ मिलिग्रॅमसुद्धा देतात, कारण सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड आहे. काम झालं. पण चॉकलेट, बर्फी, बिस्कीट, चघळायची गोळी यांचं तसं नाही. तिथे साखर हा निम्मा ऐवज असतो. भिंतीतल्या विटा काढून त्या जागी चिमूटभर रंग ठेवला तर भिंत उभी राहत नाही. ती जागा कशाने तरी भरावीच लागते, आणि कारखाने ती बहुधा ज्या पदार्थांनी भरतात त्यांना म्हणतात शुगर अल्कोहोल, म्हणजेच पॉलिऑल. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, आयसोमाल्ट, लॅक्टिटॉल ही त्यांची नावं. (नावात अल्कोहोल असलं तरी नशा अजिबात नाही. त्रास मात्र आहे.)

हे पदार्थ लहान आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, म्हणून तर त्यांच्यात कॅलरी कमी. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी, माल्टिटॉलमध्ये साधारण दोन. पण जे शोषलं गेलं नाही ते काही हवेत विरत नाही! ते पुढे सरकतं आणि दोन गोष्टी करतं. पहिली म्हणजे आतड्यात पाणी ओढून घेतं. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, त्याच तत्त्वावर. दुसरी म्हणजे मोठ्या आतड्यातल्या जंतूंना आयती मेजवानी मिळते, ते आंबवण सुरू करतात आणि गॅस होतो. पाणी अधिक गॅस, याचा हिशेब कुणालाही कळेल. पोट फुगणं, गुडगुड, कळ आणि मग धावपळ.

यात गुपित असं काहीच नाही. बद्धकोष्ठासाठी औषधाच्या दुकानात लॅक्ट्युलोजचं सिरप मिळतं, तेही असंच काम करतं. लॅक्टिटॉलला तर अमेरिकेच्या एफडीएने २०२० साली बद्धकोष्ठावरचं औषध म्हणूनच मान्यता दिली. म्हणजे जो पदार्थ एका कपाटात रेचक म्हणून विकला जातो, त्याचीच भावंडं शेजारच्या कपाटात 'पथ्याची मिठाई' म्हणून बसलेली असतात.

इशारा द्यावा लागतो, पण तो किती मोठ्याने हे देशानुसार बदलतं. इथे अमेरिकेत दिवसाला ५० ग्रॅम सॉर्बिटॉल किंवा २० ग्रॅम मॅनिटॉल पोटात जाण्याची शक्यता असेल, तरच पाकिटावर 'जास्त खाल्ल्यास रेचक परिणाम होऊ शकतो' असं लिहावं लागतं. युरोपात वरून घातलेलं पॉलिऑल १० टक्क्यांहून जास्त असलं की इशारा सक्तीचा. भारतातही नियम १० टक्क्यांचाच आहे. या बाबतीत भारताचा नियम अमेरिकेपेक्षा कडक आहे, हे इथल्या देशी मंडळींना सांगितलं की त्यांना पटत नाही. पण आहे.

५० ग्रॅमची रेषा निरोगी माणसाचा विचार करून आखलेली आहे. नाजूक आतड्यासाठी ती फार लांब पडते. शुगर-फ्री चॉकलेटच्या तीन-चार तुकड्यांत पंधरा ग्रॅमच्या आसपास पॉलिऑल सहज असतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१४ साली आयबीएसचे रुग्ण आणि निरोगी माणसं अशा दोघांनाही फक्त दहा-दहा ग्रॅम सॉर्बिटॉल आणि मॅनिटॉल देऊन पाहिलं. आयबीएसवाल्यांची लक्षणं वाढली, निरोगी माणसांची नाही. आणि पदार्थ शरीरात किती शोषला गेला यावर तो त्रास अवलंबून नव्हता. म्हणजे तोच गॅस, तेच पाणी, पण एकाच्या आतड्याला ते जाणवतही नाही आणि दुसऱ्याचा जीव घायकुतीला येतो. "मी खाल्लं, मला काही झालं नाही, तुलाच कसं होतं?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांसाठी हे उत्तर जपून ठेवा.

च्युइंगमची गोष्ट याहून बोलकी आहे. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची हकीकत छापली. एक २१ वर्षांची तरुणी. आठ महिने जुलाब, ११ किलो वजन घटलेलं, सगळ्या तपासण्या निष्फळ. शेवटी कुणीतरी खाण्यापिण्याची नीट चौकशी केली तेव्हा कळलं की बाई दिवसभर शुगर-फ्री गम चघळते. एका कांडीत सव्वा ग्रॅम सॉर्बिटॉल, आणि दिवसाचा एकूण हिशेब १८-२० ग्रॅम. गम बंद केलं, जुलाब थांबले, वजन परत आलं. आठ महिने, आणि कारण तिच्या पर्समध्ये! माझ्या इथल्या डाएटिशियनने पहिल्याच भेटीत, जेवणाबद्दल एक अक्षरही विचारण्याआधी विचारलं होतं, "गम कुठलं चघळता?" तेव्हा प्रश्न विचित्र वाटला. आता वाटतं, प्रत्येक पोटाच्या डॉक्टरने हाच प्रश्न आधी विचारावा.

आता एक फरक स्पष्ट करतो, कारण इथे पुष्कळ गोंधळ होतो. पॉलिऑलमुळे कोलायटिस किंवा क्रोन्स होतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. जखमा त्याने होत नाहीत, लक्षणं होतात. मग बिघडलं कुठे? बिघडतं ते इथे. आजार शांत असलेल्या माणसाला आठवडाभर पातळ जुलाब झाले की त्याच्या मनात पहिला विचार येतो, "उठला परत." डॉक्टरच्या मनातही तोच येतो. मग गोळ्यांचा डोस वाढतो, कधी स्टिरॉइड सुरू होतात, कधी कोलोनोस्कोपी ठरते. स्टिरॉइड म्हणजे काही शेंगदाण्याची चिक्की नव्हे. हाडं, साखर, झोप, सगळ्यावर त्याची किंमत वसूल होते. खरी सूज आहे की नुसतं पोट बिघडलंय हे सांगायला मलाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते आणि ती भारतातल्या मोठ्या शहरांतल्या लॅबमध्येही होते. पण त्याही आधी स्वतःला विचारायचा फुकटातला प्रश्न आहे: गेल्या आठवड्यात 'शुगर-फ्री' काय काय खाल्लं? (मलातून रक्त जात असेल, ताप असेल, रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर मात्र चॉकलेटला दोष देत बसू नका. सरळ डॉक्टर गाठा.)

बरं, मग कुठला पर्याय चालतो? इथल्या कॉफीच्या दुकानात चार रंगांच्या पुड्या असतात: गुलाबी म्हणजे सॅकरिन, निळी अस्पार्टेम, पिवळी सुक्रालोज, हिरवी स्टीव्हिया. ही सगळी मिलिग्रॅमवाली मंडळी. पाणी ओढण्याइतका त्यांचा ऐवजच नसतो.

अस्पार्टेम लहान आतड्यातच फुटतं आणि शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. आतड्यापुरतं बोलायचं तर हा त्याचा मोठा गुण. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं तेव्हा बराच गदारोळ झाला. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली, हे फारसं कुणी वाचलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी मात्र ते अजिबात घ्यायचं नाही. आणि उकळत्या पदार्थात घालू नका, त्याची गोडी जाते.

सुक्रालोजच्या जन्मात आपल्या माणसाचा हात आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस हे संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून बघत होते. त्यांना एक संयुग 'तपासून बघ' असं सांगण्यात आलं आणि त्यांनी ऐकलं 'चाखून बघ', अशी गोष्ट सांगितली जाते. इंग्रजीत त्या दोन शब्दांत निदान उच्चाराचा थोडा फरक आहे, आपण मराठीत दोन्ही 'टेस्ट'च लिहितो. तेव्हा फडणिसांना दोष कसा द्यायचा? पण अभिमान बाजूला ठेवून बघायचं तर सुक्रालोज बहुतांश न शोषलं जाता सगळ्या आतड्यातून प्रवास करतं. २०१८ साली क्लीव्हलँडच्या संशोधकांना असं दिसलं की क्रोन्ससारखा आजार असलेल्या उंदरांना पिवळ्या पुडीतलं मिश्रण दिल्यावर त्यांच्या आतड्यातले जंतू बदलले आणि सूज दाखवणारं एक एन्झाइम वाढलं. निरोगी उंदरांत ते एन्झाइम तसं वाढलं नाही. उंदीर म्हणजे माणूस नाही, हे मान्य. पण त्या पुडीत सुक्रालोज जेमतेम बारा मिलिग्रॅम, बाकी सगळं माल्टोडेक्स्ट्रिन आणि डेक्स्ट्रोजचं भरण. माल्टोडेक्स्ट्रिनवर क्रोन्सशी संबंधित ई. कोलाय जंतू जास्त चिकट थर करतात, असंही प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे फिरून तोच प्रश्न, जागा कशाने भरली? म्हणून सुक्रालोज घ्यायचंच असेल तर ते थेंबांच्या बाटलीतून घेणं मला जास्त पटतं.

स्टीव्हियाची हिरवी पुडी 'नैसर्गिक' म्हणून मिरवते. पानाचा अर्क चिमूटभर, बाकी बहुधा एरिथ्रिटॉल, कधी इन्युलिन. इन्युलिन हे चिकोरीच्या मुळातून काढलेलं फायबर, कांदा-लसणात असतं त्याच जातीचं, आणि गॅस करण्यात पटाईत. 'हाय फायबर, नो शुगर' अशी प्रोटीन बार आणि बिस्किटं बघा, इन्युलिन तिथे दबा धरून बसलेलं असतं.

एरिथ्रिटॉल हे पॉलिऑलच, पण घरातलं शहाणं मूल. रेणू लहान, त्यामुळे बहुतेक लहान आतड्यातच शोषला जातो आणि लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. पोटाला त्रास कमी. पण २०२३ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त आढळलं, आणि २०२४ साली झायलिटॉलबद्दलही तसंच. एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही थोडं बनवतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला याचा निकाल लागलेला नाही. पण ज्याला हृदयविकार आहे, त्याने आतडं वाचवायला वाट्या भरभरून एरिथ्रिटॉलची खीर खावी असं मी म्हणणार नाही.

आता 'घरगुती' पर्याय. आपल्याकडे साखर म्हणजे विष आणि मध म्हणजे अमृत असं एक समीकरण आहे. आतड्याला ते माहीत नाही. मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, आणि जास्तीचं फ्रुक्टोज कित्येकांना नीट शोषता येत नाही. ते पुढे जाऊन पॉलिऑलसारखाच गोंधळ घालतं. अगावे सिरपमध्ये तर ते आणखी जास्त. गूळ बव्हंशी साखरच. आणि खजुराची 'शुगर-फ्री' बर्फी? वरून साखर घातली नाही एवढंच खरं, खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. काकांची फसवणूक आणि मावशीचीही.

आणि ज्या साखरेला एवढ्या शिव्या पडतात ती? मेलबर्नच्याच मोनाश विद्यापीठात आयबीएससाठी जे लो-फॉडमॅप पथ्य तयार झालं, त्यात पॉलिऑल, मध, कांदा, लसूण यांवर सुरुवातीचे काही आठवडे गदा येते. साध्या साखरेच्या चमचाभराला तिथे बंदी नाही. कारण सरळ आहे. साखर लहान आतड्यात फुटते, तिथेच शोषली जाते, खाली उरतच नाही. म्हणून माझं मत, कुणाला आवडो न आवडो, असं आहे: पोटाचा जुना आजार आहे पण डायबेटीस नाही, अशा माणसाने चहात एक चमचा साखर खुशाल घालावी आणि 'शुगर-फ्री'च्या वाटेला जाऊ नये. याचा अर्थ जिलबीचं ताट समोर ओढा असा नाही. साखर कमी करायची तर कमी करा, तिचं सोंग आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी गोडीचे हे पर्याय वापरू नका असं सांगितलंय. ही सूचना डायबेटीस आधीच असलेल्यांसाठी मात्र नाही.

खरी पंचाईत दोन्ही आजार असलेल्यांची. आणि भारतात दहा कोटींवर डायबेटीसचे रुग्ण आहेत असं २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं, तेव्हा अशी माणसं थोडीथोडकी नसणार. त्यांच्यासाठी माझ्या मते दोनच नियम. चहा-कॉफीत मिलिग्रॅमवाल्यांपैकी जे सोसेल ते, थेंबाने किंवा गोळीने. आणि 'शुगर-फ्री' मिठाई-चॉकलेटांना लांबून नमस्कार, कारण माल्टिटॉल रक्तातली साखरही थोडी वाढवतंच. म्हणजे आतडंही नाराज आणि ग्लुकोमीटरही. आणखी एक, रक्तातली साखर एकदम उतरली तर शुगर-फ्री गोळी कामाची नाही, तिथे ग्लुकोज किंवा खरी साखरच लागते.

भारतात पाकिटावर बऱ्याचदा नावांऐवजी आयएनएस क्रमांक असतात, ते फ्रिजवर चिकटवून ठेवा. ४२० सॉर्बिटॉल (आकडा लक्षात राहायला सोपा आहे!), ४२१ मॅनिटॉल, ९५३ आयसोमाल्ट, ९६५ माल्टिटॉल, ९६६ लॅक्टिटॉल, ९६७ झायलिटॉल. हे पोटाला जड. ९६८ एरिथ्रिटॉल. ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. आणि नुसतं खाण्याचं बघू नका. खोकल्याची शुगर-फ्री सिरपं, चघळायच्या अँटासिडच्या गोळ्या, यांतही सॉर्बिटॉल-मॅनिटॉल असतं. पोटासाठी घेतलेल्या गोळीनेच पोट बिघडावं, हा विनोद रुग्णाला फारसा आवडत नाही.

प्रयोग करायचाच असेल तर आम्ही मशीनवर करतो तसा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. नवा पर्याय थोडा घ्या, तीन दिवस थांबा, वहीत लिहा. आजार उठलेला असताना प्रयोग नको. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शेवटचं यजमानांसाठी. आपल्याकडे आग्रह ही मोठी गोष्ट आहे. "अहो, खास तुमच्यासाठी शुगर-फ्री आणलंय" म्हटल्यावर नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि पोटाचा आजार असा की तो चारचौघांत उच्चारताही येत नाही. डायबेटीस मोठ्याने सांगता येतो, "मला जुलाब होतात" हे पंगतीत कसं सांगणार? म्हणून माणूस गपचूप खातो आणि रात्रभर भोगतो. तेव्हा कुणी एकदा "नको" म्हणालं तर कारण विचारू नका, दुसऱ्यांदा ताट पुढे करू नका. आणि त्याच्यासाठी काही खास करायचंच असेल तर आधी एक फोन करून विचारा, "तुम्हाला काय चालतं?" बहुतेक वेळा उत्तर फार साधं असतं. साधा वरणभात आणि अर्धा चमचा साखरेचा चहा.